चौथा पाय

दगड खोटं बोलत नाही.

हे वाक्य पुण्यातल्या शैलचित्र वयोनिश्चिती केंद्राच्या फाटकावर पितळी अक्षरांत लावलेलं आहे, आणि ते एखाद्या प्राचीन सूत्रासारखं वाटावं अशी खबरदारी घेतलेली आहे. प्रत्यक्षात ते केंद्राचे संचालक डॉ. श्रीरंग धोंगडे यांना उद्घाटनाच्या सकाळी दाढी करताना सुचलं. वाक्यात चूक काहीच नव्हती. दगड खोटं बोलत नाही, कारण दगड बोलतच नाही. त्याच्या वतीने जो बोलतो त्याचं काय, हा प्रश्न चार वर्षं कोणी विचारला नाही. विचारला तेव्हा तो नाश्त्याच्या टेबलावर विचारला गेला, आणि विचारणारी संचालकांची बायको होती.

दगडाच्या वतीने बोलायचं ते यंत्र. त्याचं नाव वयोवेध. आकाराने केस वाळवायच्या यंत्राएवढं, आणि आवाजही साधारण तसाच.

वाळवंटातल्या खडकाला त्वचा येते. वाऱ्याने आलेली धूळ, त्यातलं लोह आणि मँगेनीज, ते पचवणारे सूक्ष्मजीव, या सगळ्यांची मिळून खडकावर एक काळी तुकतुकीत साय धरते. धरते म्हणजे किती, तर हजार वर्षांत केसाच्या जाडीचा पन्नासावा हिस्सा. चार हजार वर्षांपूर्वी कोणी गारगोटीने ठोकून ठोकून त्या काळ्या खडकावर जनावर काढलं, की ठोकलेल्या जागी साय उडते, आतला फिकट दगड उघडा पडतो, आणि त्या खळग्यांत नवी साय पहिल्यापासून धरायला लागते. वयोवेध त्या खळग्यात लेसरची सुई मारायचा, सायीचे थर अणूंच्या हिशेबाने मोजत खाली उतरायचा आणि फिकट थर लागला की थांबायचा. तिथून वरचे थर म्हणजे चित्राचं वय.

यंत्र आल्यावर देशभर खळबळ झाली. दोन लेणी पाचशे वर्षांनी तरुण झाली. एका गावाचा स्वयंभू देव साठ वर्षांपूर्वीचा मैलाचा दगड निघाला; गावाने यंत्रापुढे नारळ फोडला आणि पूजा चालू ठेवली. सरकारने मात्र यंत्राचं ऐकलं. नियम साधा होता. शंभर वर्षांवरचं चित्र वारसा, शंभराच्या आतलं विद्रूपीकरण. वारशाला कुंपण, विद्रूपीकरणाला सुरुंग. मधलं काही नाही.

त्या रविवारी श्रीरंग थालीपीठ खाता खाता टॅबवर अहवाल मंजूर करत होते. समोर चारुशीला बसली होती. ती कऱ्हाडच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती, आणि समोरच्याची पाटी, वही, टॅब उलट्या बाजूने वाचायची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

"स्कीनलुंग?" ती म्हणाली. "आपलं स्कीनलुंग?"

"लडाखमध्ये एकच आहे."

"'एकूण आकृत्या एकोणतीस. वय सर्वांचं सुमारे सत्तावीस वर्षं. आधुनिक विद्रूपीकरण. रस्तारुंदीसाठी हरकत नाही.' श्रीरंग, हे काय आहे?"

"यंत्राचं वाचन आहे."

"सत्तावीस वर्षांपूर्वी, दोन हजार अकराच्या ऑगस्टमध्ये, त्या दरीत कोण होतं?"

श्रीरंगनी दह्याची वाटी पुढे ओढली. होतं कोण हे त्यांना ठाऊक होतं. लग्नाला सहा महिने झालेलं एक जोडपं होतं, त्यांच्याकडे एक उसना कॅमेरा होता आणि चारूच्या शाळेतून आणलेली पांढऱ्या खडूंची दोन खोकी होती. जुन्या काळी शैलचित्रांचे फोटो तसेच काढायचे. काळ्या खडकावरची काळपट चित्रं कॅमेऱ्याला दिसत नसत, म्हणून आधी त्यांत खडू भरायचा आणि मग फोटो. सगळेच भरायचे. मोठमोठे प्राध्यापक भरायचे. पुढे बंदी आली तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की आम्ही कधी भरला नाही.

"यंत्र चुकलेलं नाही," चारू म्हणाली. "यंत्राने बरोबर वय सांगितलंय. माझ्या खडूचं."

"खडू पावसाने जातो."

"कुठला पाऊस? लडाखमध्ये? वरून छत आलेला खडक आहे तो. खळग्यात खडू बसला, त्यावर धूळ बसली, साय धरली. तुझी सुई वरून खाली आली, तिला पांढरा थर लागला. ती म्हणाली, लागला दगड, थांबा."

श्रीरंगनी टॅब पालथा ठेवला. नवऱ्याचं गप्प बसणं किती प्रकारचं असतं ते सत्तावीस वर्षांत कळतं. हे गप्प बसणं 'मला माहीत आहे' या प्रकारचं होतं.

"तुझ्या लक्षात आलं होतं," ती म्हणाली.

"शंका होती. चारू, नीट ऐक. सहा हजार दगडांची वयं या यंत्राने ठरवली आहेत. त्यातल्या किती दगडांना कोणी कधी खडू लावला याची नोंद नाही. आज मी म्हटलं की एक वाचन खडूमुळे चुकलं, तर उद्या प्रत्येक लबाड माणूस उभा राहील. परवा ज्याने बनावट शिलालेख विकले तोही म्हणेल, खडू असेल हो साहेब. एक दगड वाचवायला सगळी मोजपट्टीच मोडायची?"

मुद्दा वजनदार होता, हे चारूलाही मान्य होतं. दुखणं असं होतं की तो दगड तिच्या ओळखीचा होता.

"फोटो दाखव ना," श्रीरंग म्हणाले. "खडू भरायच्या आधीचा एक फोटो दाखव, मी अहवाल परत घेतो."

"आधीचा कुठून आणू? दिसत नव्हतं म्हणून तर खडू भरला."

"मग झालं."

"झालं नाही. त्याचा चौथा पाय आहे."

"कोणाचा?"

"मोठ्या बोकडाचा. त्याला तीनच पाय होते, श्रीरंग. चौथा मी काढला."

श्रीरंगनी थालीपीठाचा तुकडा परत ताटात ठेवला.

"म्हणजे?"

"मला वाटलं झिजला असेल. पोरांची चित्रं तपासून हाताला सवय लागलेली. जनावराचा पाय राहिला की लाल पेनाने काढून द्यायचा. तू पलीकडे कॅमेऱ्याची तिवई लावत होतास. मी सपाट खडकावर खडूने ओढला पाय. इतका छान जमला की तुला सांगायचं राहूनच गेलं."

श्रीरंगनी हातातल्या चहाच्या मगकडे पाहिलं. मगवर केंद्राचं बोधचिन्ह होतं. ते केंद्राच्या लेटरहेडवर होतं, फाटकावर होतं, त्यांच्या टायवर होतं. लांब वळलेल्या शिंगांचा रानबोकड, चार पायांवर दिमाखात उभा.

"सत्तावीस वर्षं," ते म्हणाले.

"तुझ्या यंत्रानेही तेच सांगितलं. बघ अहवाल. चारही पाय, सत्तावीस वर्षं. जो पाय कोणी कधी कोरलाच नाही, त्याचंही वय काढलंय त्याने. म्हणजे ते कोरीवकाम मोजत नाही, खडू मोजतंय. आणखी कुठला पुरावा पाहिजे?"

"हे बाहेर बोलू नकोस," श्रीरंग म्हणाले, आणि मग, संचालकपणाला साजेल असं काही आठवेना म्हणून, "प्लीज."

सुरुंग बारा दिवसांनी लागणार होता. चारूने रस्तेवाल्यांना ईमेल लिहिलं. तिसऱ्या मिनिटाला उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. चौथ्या दिवशी ती लेहला उतरली.

विमानतळावर फुन्त्सोग आंगमो घ्यायला आली होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, स्कीनलुंगच्याच गावची, अठरा वर्षं डोंबिवली आणि ठाण्याच्या गिर्यारोहक मंडळांना दऱ्यांतून हिंडवणारी. त्यामुळे तिला मराठी उत्तम येत होतं, पण ते सगळं तक्रारींतून शिकलेलं होतं.

"या ताई. डोकं दुखतंय? दुखणार. चहा गार आहे? असणार. अजून किती राहिलंय विचारू नका, मी खरं सांगत नाही."

दोन दिवस विरळ हवेची सवय करून तिसऱ्या दिवशी पहाटे त्या निघाल्या. सिंधूच्या काठी गाडी सोडली. जर्दाळूंची झाडं संपली तिथून हिरवा रंगही संपला. पुढे नुसते दगड. तपकिरी, जांभळे, आणि नदीजवळचे काळे कुळकुळीत, तूप लावून पुसल्यासारखे. दरीच्या तोंडाशी लोखंडी फाटक होतं आणि त्यावर पाटी: काम चालू, प्रवेश बंद.

"आता?" चारू म्हणाली.

"फाटक बंद आहे," आंगमो म्हणाली. "दरी बंद नाही."

ती उजवीकडच्या घसाऱ्यावरून वर चढायला लागली. शेळ्यांची वाट होती, म्हणजे शेळ्यांच्या मते होती. दर दहा पावलांना चारूची छाती भात्यासारखी हलायची, पायाखालच्या चिपा सरकून खाली खळखळत जायच्या आणि आंगमो मागे न बघता म्हणायची, "आलंच आता." ते आलंच आता तीन तास चाललं. एका कड्यावर चारू मटकन बसली. खाली दरीत पिवळी यंत्रं उभी होती. खडकात सुरुंगाची भोकं पाडून तयार होती, त्यांच्या तोंडांत लाल कापडाचे बोळे कोंबलेले. मोठा काळा खडक तिथून शंभर पावलांवर होता.

"आंगमो, तुमच्या गावाला हा रस्ता नको का?"

"पाहिजे ना. माझ्या बहिणीला दवाखान्यात पाठीवरून नेलं होतं. रस्ता पाहिजेच. पण खडक बाजूला ठेवून रस्ता वळतो ताई. इथे सगळे रस्ते वळतात, सरळ रस्ता तुम्ही लडाखमध्ये बघितलात का? वळवायला दोन कागद लागतात, उडवायला एक. म्हणून उडवतात."

दुपारी दीडला त्या खडकापाशी पोचल्या. चारूने वर पाहिलं आणि तिला काहीच दिसलं नाही. सूर्य माथ्यावर असताना खडक सपाट काळा होता. एकोणतीस आकृत्या, जनावरं, शिकारी, धनुष्यं, सगळी आत बुडून गेली होती. तिला दोन हजार अकरातला आपला उतावीळपणा आठवला. तेव्हाही दुपारच होती. वाट बघायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, खडू होते.

"साडेचारला सूर्य दरीच्या तोंडातून आडवा येतो," आंगमो म्हणाली. "वीस मिनिटं सगळं दिसतं. खडू कशाला पाहिजे? थांबायला पाहिजे."

"हे तेव्हा कोणी सांगितलं नाही."

"तेव्हा कोणी विचारलं नाही. मी गावात होते. मी बघितलं, दोन माणसं आली, बोकडांना चुना लावून गेली."

चारूने आपला जबाब बाहेर काढला. तो तिने लेहमध्ये हाताने लिहिला होता. आता त्याला जोडायला फोटो हवा होता. आडव्या उन्हात प्रत्येक ठोक्याच्या खळग्याची सावली पडली असती. तीन पायांना पडली असती, चौथ्या जागी पडली नसती. आंगमोकडे उपग्रहाचा फोन होता. फोटो आणि जबाब इथूनच जाणार होते: रस्तेवाल्यांना, केंद्राला, चार वर्तमानपत्रांना.

चार वाजता घसाऱ्यावर कोणीतरी घसरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अस्सल पुणेरी शिवी. डॉ. श्रीरंग धोंगडे बसत, सरकत, एका हाताने खडक धरत खाली येत होते. चेहरा पिठासारखा पांढरा, पाठीवर यंत्राची पेटी. मागून हमाल येत होता, त्याच्याकडे फक्त पाण्याची बाटली होती. पेटी त्यांनी त्याला दिली नव्हती.

"फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझ्या कार्डाला सलाम केला," ते धापा टाकत म्हणाले, "आणि आत सोडलं नाही. चारू, परत चल."

"आधी पाणी पी."

"आधी परत येते म्हण."

"सर, बसा," आंगमो म्हणाली. "उभं राहून भांडलात तर उलटी होईल. बसून भांडा."

श्रीरंग बसले. पाणी प्याले. मग हळू आवाजात बोलले, आणि हळू आवाजात ते जास्त अवघड होतं. "नव्या कायद्यात खडूला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आकृतीत भर घातली तर वेगळं कलम. मला हे सगळं सोडावं लागेल ते जाऊ दे. पण तुझं नाव शाळेच्या पुस्तकात येईल, बोकडाला पाय काढणारी बाई म्हणून. तुला चालेल?"

"न चालून काय करू? पाय मीच काढलाय."

"खडक गेला तर जगात काय कमी होईल? त्याचं त्रिमितीय चित्र केंद्रात आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग टिपलेलं."

"त्यात त्याला पाय किती आहेत?"

श्रीरंग बाटलीचं झाकण लावायला लागले.

"तेच म्हणतेय मी," चारू म्हणाली. "आता एकच जागा उरलीय जिथे तो तीन पायांचा आहे. ती ही. ही गेली की माझी चूक म्हणजे खरं. मी आयुष्यभर पोरांचं खाडाखोड करून सुधारत आले, श्रीरंग. ज्याने हे काढलं त्याला तीन पाय काढायचे होते. लंगडा असेल, दगड संपला असेल, जेवायला हाक आली असेल. मला काय कळतंय! पण त्याची चूक त्याची आहे. ती मी माझ्या नावावर नाही ठेवून घेणार."

तिने जबाबाचा कागद त्यांच्या हातात दिला. "वाच. आणि अडवायचं तर आत्ताच अडव."

श्रीरंगनी चष्मा लावला. कागद लहानसाच होता. 'मी, चारुशीला धोंगडे, असं लिहून देते की स्कीनलुंग येथील सर्व एकोणतीस आकृत्यांमध्ये मी एकटीने खडू भरला, आणि एका आकृतीला नसलेला पाय काढला.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"हे काय आहे?"

"जबाब."

"'एकटीने' म्हणजे काय?"

"तुझं नाव ठेवलं नाही मी."

"का नाही ठेवलंस?" त्यांचा आवाज चढला. आतापर्यंत न चढलेला. "एकोणतीस आकृत्या एकटीने? तुझा हात खांद्याच्या वर जातो का? डावीकडचा अख्खा कळप मी भरला होता. दोन शिकारी मी भरले. मोठ्या बोकडाची शिंगं कोणी भरली? अठरा कडी आहेत त्या शिंगावर, एकेक कडं वेगळं भरलंय मी, सव्वा तास गावातून आणलेल्या शिडीवर उभा राहून! त्या दिवसासारखं चांगलं काम मी पुन्हा आयुष्यात केलं नाही. ते तू एका ओळीत स्वतःच्या नावावर लिहून टाकलंस?"

"शिडी परत दिली नव्हती तुम्ही," आंगमो म्हणाली.

चारू हसायला लागली. विरळ हवेत हसणं अवघड असतं; तिला खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं. श्रीरंगनी खिशातून पेन काढलं, 'एकटीने' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं: 'व माझे पती डॉ. श्रीरंग धोंगडे यांनी'. मग खाली सही केली, संचालक म्हणून नव्हे, नुसती.

"पाय मात्र तुझा," ते म्हणाले. "पायाशी माझा संबंध नाही."

"पाय माझाच."

साडेचारला ऊन आलं. ते दरीच्या तोंडातून जमिनीलगत सरपटत आलं आणि काळ्या खडकाला बाजूने भिडलं, आणि खडकातून कळप वर आला. आधी शिंगं, मग पाठी, मग ताणलेली धनुष्यं. प्रत्येक ठोका वेगळा दिसत होता. मोठा बोकड तीन पायांवर उभा होता, आणि त्याच्या उभं राहण्यात तोल जाण्याची काही लक्षणं नव्हती. चौथ्या पायाच्या जागी साय अखंड होती, काळी, गुळगुळीत.

चारूने फोटो काढले. चोवीस. मग श्रीरंगनी पेटी उघडली, वयोवेध बाहेर काढला आणि त्याचं टोक त्या गुळगुळीत जागेवर धरलं. केस वाळवल्यासारखा आवाज झाला. पडद्यावर अक्षरं आली: कोरीव आकृती. पाय, मागचा, उजवा. वय सत्तावीस वर्षं. अचूकता नव्व्याण्णव टक्के.

त्यांनी पडदा चारूकडे वळवला. "नव्व्याण्णव," ते म्हणाले.

"पाठव," चारू म्हणाली.

फोटो, वाचन आणि जबाब ऊन जायच्या आत गेले.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलं. सुरुंग थांबला. सहा हजार दगडांची फेरतपासणी सुरू झाली. पहिल्या महिन्यात देशभरातून चौदा प्राध्यापकांनी कळवलं की त्यांना आता खडूबद्दल थोडं थोडं आठवतंय. श्रीरंगनी राजीनामा दिला. बनावट शिलालेखवाल्याने खरोखरच खडूचं कारण पुढे केलं, आणि श्रीरंग स्वतःच्या खर्चाने त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला गेले. चारूची चौकशी दिल्लीत झाली. चौकशी अधिकारी तिच्या विद्यार्थ्याच्या वयाचा होता.

"आपण प्राचीन शिल्पात भर घातलीत, हे मान्य?"

"मान्य."

"कारण?"

"पाय कमी होता."

"आपल्याला याचा पश्चात्ताप होतो का?"

"पाय काढल्याचा होतो," चारू म्हणाली. "सांगितल्याचा होत नाही. तुम्ही लिहून घ्या, दोन्ही वेगवेगळ्या ओळींवर."

कैद झाली नाही. ताकीद झाली, आणि लडाखातल्या कुठल्याही संरक्षित खडकाच्या शंभर मीटरच्या आत जायला तिला कायमची बंदी झाली. रस्ता खडकाला बगल देऊन चाळीस मीटर वळला. वळणावर गाड्या थांबायला जागा झाली, माहितीचा फलक लागला, स्वच्छतागृह बांधलं गेलं. पहिल्या उन्हाळ्यात तिथे एक हजार दोनशे सहा गाड्या थांबल्या. त्यांतल्या अकरा जणांनी खडक कुठे आहे ते विचारलं.